दर्भाचा कावळा

माझं तोंड वाईट आहे. हे मी नाही म्हणत, दिग्रसपासून लोहाऱ्यापर्यंत सगळे म्हणतात, आणि माझी बायको रजनी तर पाहुण्यांना चहा देता देता सांगते. जनावरांच्या दवाखान्यात बत्तीस वर्षं नोकरी केली, पशुधन पर्यवेक्षक म्हणून रिटायर झालो, आता यवतमाळला राहतो. तेवढ्या वर्षांत साहेबाला बोललो, सरपंचाला बोललो, म्हैस मरायला टेकल्यावर दाखवायला आणणाऱ्याला तर त्याच्या बायकोसमोर बोललो. गप्प बसणं मला जमलंच नाही कधी. आणि एकच दिवस असा आला, जिथे तोंड उघडायला पाहिजे होतं आणि मी गप्प बसलो. तेच सांगून राहिलो.

माझा मोठा भाऊ चारुदत्त, आमचा दादा, यंदा फेब्रुवारीत गेला. दिग्रसला शाळेत हेडक्लार्क होता. वहिनी आधीच गेल्या होत्या. घरात तो आणि त्याची एकुलती एक मुलगी गौरी. गौरी छत्तीस वर्षांची, त्याच शाळेत शिकवते. लग्न झालं नाही. काहून झालं नाही, तर माझ्यामुळे.

सहा वर्षांपूर्वी तिचं जमलं होतं. मुलगा पुसदकडचा, शांत, शिकलेला. त्याच्या वडिलांचा कोंबड्यांचा फार्म. बैठक झाल्यावर ते गृहस्थ कौतुकानं आम्हाला शेड दाखवायला घेऊन गेले. पाहतो तर मेलेल्या कोंबड्या कोपऱ्यात तशाच पडलेल्या, पाण्याची भांडी शेवाळून हिरवी झालेली. मला राहवलं नाही. चार पाहुण्यांसमोर मी त्यांना झाडलं. "हे शेड आहे का उकिरडा? रोग आला तर तुमच्या एकट्याच्या नाही, अख्ख्या गावाच्या कोंबड्या जातील." त्यातला शब्दही खोटा नव्हता. आठ दिवसांनी नकार आला आणि दादानं माझ्याशी बोलणं सोडलं.

मी पण ताठ. म्हटलं, खरं बोललो, माफी कायची मागायची? अशी सहा वर्षं गेली. शेवटी त्याला दिग्रसलाच दवाखान्यात ठेवलं, तेव्हा रजनी रोज म्हणायची, "अहो, जाऊन या." यवतमाळहून एक वाजता निघणारी गाडी चारला दिग्रसला लागते, तीन तासांचा तर रस्ता. उद्या जातो, परवा जातो करत राहिलो. मग गौरीचाच फोन आला.

दादाला मुलगा नाही, म्हणून क्रिया मी केली. दहा दिवस आम्ही दोघं नवरा-बायको त्याच घरी राहिलो. गौरी मला एका शब्दानं टोचून बोलली नाही. सकाळी उठलो की पाणी तापवून ठेवलेलं. "काका, तुमचं धोतर वाळलं नसेल तर बाबांचं देते," म्हणायची. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

दहाव्या दिवशी नदीवर गेलो. गुरुजींनी पिंड मांडले, काठावरच्या खडकावर पानात ठेवले आणि आम्ही सगळे लांब पत्र्याच्या शेडखाली येऊन उभे राहिलो. कावळा शिवला की गेलेल्याची काही इच्छा उरली नाही. नाही शिवला की लोक अंदाज बांधायला लागतात. एरवी त्या घाटावर कावळ्यांना हाकलावं लागतं. त्या दिवशी एक नाही. पेपरात आठ दिवसांपासून दुसऱ्या जिल्ह्यात कावळे मरून पडल्याच्या, बर्ड फ्लूच्या बातम्या येऊन राहिल्या होत्या. लोक चिकन घेईनासे झाले होते. पण घाटावर उभं राहिल्यावर पेपर कोणाला आठवतो?

साडेनऊचे दहा झाले, साडेदहा झाले. गौरी पुढे गेली, हात जोडून म्हणाली, "बाबा, मी नीट राहीन. तुमची झाडं वाळू देणार नाही." काही नाही. रजनी गेली, "भाऊजी, गौरीकडे आम्ही पाहू." काही नाही. मग एकेक मान माझ्याकडे वळायला लागली. आमची एक चुलत आत्या आहे, कानानं बहिरी म्हणून तिचं हळू बोलणं पण सगळ्यांना ऐकू जातं. ती म्हणाली, "मधू, तुझ्यातच अडकला असंल त्याचा जीव. तू बोल बाप्पा."

मी गेलो. "दादा, माझं चुकलं. गौरीला मी अंतर देणार नाही." सहासष्ट वर्षांत माझ्या तोंडून 'चुकलं' हा शब्द पहिल्यांदा निघाला, तोही भाताच्या गोळ्यासमोर. मी परत येऊन उभा राहिलो. झाडावर पान हललं नाही.

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "अकरा होत आले. दर्भाचा कावळा करू या. शास्त्रात सोय आहे, त्यानं काही बिघडत नाही. मला पण दारव्ह्याची गाडी गाठायची आहे." दर्भाच्या काड्यांना गाठ मारायची, कावळा म्हणायचं आणि पिंडाला लावायचं. शंभर घरी चालतं. मी फाडकन म्हणालो, "थांबा. येते कावळा." कारण मला तेरवीची पंगत दिसून राहिली होती. भात वाढता वाढता लोक काय बोलतील ते मला ऐकू येत होतं. भावानं मेल्यावरही माफ नाही केलं.

पाय धुवून येतो म्हणून मी शेडच्या मागे गेलो. तिथे चिंचेखाली लखीराम उकिडवा बसला होता. लखीराम आमच्या दवाखान्यात परिचर होता, बावीस वर्षं माझ्या हाताखाली. दिग्रसच्या बाहेर तांड्यावर राहतो, घरी पंधरा-वीस कोंबड्या. दादानं त्याच्या पेन्शनचे कागद करून दिले होते, म्हणून आला होता.

"साहेब, इकडं या," तो हळूच म्हणाला. "हे पाहा."

चिंचेच्या बुडाशी एक कावळा बसला होता. पिसं फुलवलेली, पंख सैल, डोळे अर्धे मिटलेले. आम्ही दोघं हातभर अंतरावर, तरी उडाला नाही. मान एका बाजूला कलायची, मग झटका देऊन सरळ व्हायची. मी पाहताक्षणी ओळखलं. म्हणजे रोग कोणता ते नाही ओळखलं, ते लॅबच सांगते. पण हे पाखरू हात लावायचं नाही, एवढं ओळखायला मला चष्मा पण लागत नाही.

"कापसाच्या जिनिंगच्या मागं परवापासून तीन मेलेले पाह्यले मी," लखीराम म्हणाला. "सकाळीच दवाखान्यात सांगाले निघालतो. मंग म्हटलं, आधी भाऊसाहेबाचं होऊ द्यावं."

आजारी पाखरू दिसलं तर हात लावू नका, दवाखान्यात कळवा. गावोगाव हे भाषण मी केलं आहे आणि माझ्या मागे बॅनर धरून हाच लखीराम उभा राहिला आहे. मी खांद्यावरचा पंचा काढला, कावळ्यावर टाकला आणि उचलला. हाताला काहीच वजन लागलं नाही.

"साहेब, हात नका लावू. तुमीच शिकवलं मले."

"तू गप."

तो गप बसला. बावीस वर्षांची सवय.

बेशरमाच्या झुडपांतून वाकून वाकून मी खडकाच्या मागच्या बाजूनं गेलो. पंचा उघडला, कावळ्याला पानाकडे ढकललं आणि झुडपात मागे सरकलो. तो दोन पावलं चालला, पिंडासमोर थांबला आणि त्याची मान खाली आली. चोच भातात टेकली. त्यानं भात खाल्ला का नुसती मान पडली, मला आजही माहीत नाही. तिकडून शेडखालून आवाज आला, "शिवला, शिवला!"

मी वळसा घालून परत आलो तेव्हा बायका रडत होत्या. आत्या डोळ्याला पदर लावून म्हणाली, "मधूचं ऐकलं त्यानं." गौरी धावत आली आणि वाकून माझ्या पायाला हात लावला. "काका, कुठे गेले होते तुम्ही? शिवला. बाबांनी तुम्हाला माफ केलं." मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेलो आणि मागे घेतला. नंतर नदीत जाऊन वाळूनं घासून घासून दोन्ही हात धुतले, पंचा प्रवाहात सोडून दिला. माझी काळजी मी घेतली, पाहा. ते बरोबर सुचलं मला.

मला वाटलं होतं, झालं. लोक जातील, लखीराम दवाखान्यात कळवेल, ते येऊन पाखरू घेऊन जातील आणि कोणाला काही कळणार नाही. मी आणि रजनी घरी आलो. गौरी भांडी गोळा करायला मागे थांबली होती. तासाभरानं ती आली तेव्हा तिच्या हातात दुरडी होती, वर ओढणी झाकलेली.

"तिथंच बसून होता, काका," ती म्हणाली. "सगळे गेले, तरी उडाला नाही. मी जवळ गेले, हात लावला, तरी उडाला नाही. बाबांना घरी यायचं होतं."

तिच्या चेहऱ्यावर दहा दिवसांत पहिल्यांदा काहीतरी बरं दिसत होतं. मी म्हणालो, "अंगणात ठेव. पाखरू आहे, घाण असते." ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "बाबांना अंगणात ठेवू?" रजनीनं तर दुरडीला हात जोडले. आणि मी, ज्यानं एका भल्या माणसाच्या शेडला त्याच्याच दारात उकिरडा म्हटलं, तो मी आतल्या खोलीत जाऊन आडवा झालो.

खिडकीतून सगळं दिसत होतं. ओसरीवर दादाच्या खुर्चीत बसून ती कावळ्याला मांडीवर घेऊन होती. कापसाच्या वातीनं चोचीत पाणी सोडत होती, दहीभात बोटानं भरवत होती. तो मान झटकायचा आणि पाणी तिच्या तोंडावर उडायचं. ती ओढणीनं पुसायची, त्याच ओढणीनं त्याची चोच पुसायची. हा रोग माणसाला सहसा होत नाही. पण होतो तेव्हा असाच होतो, पाखराची लाळ तोंडानाकात जाऊन. आणि झाला की माणूस वाचेलच असं नाही. हे मला त्या घरात एकट्याला माहीत होतं. प्रत्येक वेळी मी उठून बसायचो आणि प्रत्येक वेळी वाटायचं, आजारी आहे म्हटलं तर ती विचारेल, आजारी होता तर खडकावर चढला कसा? भुकेनं सुस्त असेल, उन्हानं असेल, उद्या सकाळी उडून जाईल, असं मी मला समजावत राहिलो. इतका खोटारडा मी कधीच नव्हतो.

चार वाजता फाटकाशी लखीराम सायकल घेऊन आला. मी बाहेर गेलो.

"साहेब, पोरीच्या मांडीवर तेच पाखरू हाय."

"दिसते मला."

"दवाखान्यात त्या तीन कावळ्याचं सांगून आलो. ह्याचं नाही सांगितलं. तुमच्यासाठी थांबलो."

"मग थांब. मला शिकवतो काय आता?"

तो रागावला नाही. सायकलचं हँडल वळवत म्हणाला, "शिकवाले मी कोण? पण लेकरू तुमचंच हाय, साहेब. तुमी सांगा, नाहीतर सकाळी मी सांगतो." आणि गेला. मी फाटकाची कडी लावून पुन्हा खोलीत आलो. त्याच्या या बोलण्यानंतरही दोन तास मी काही बोललो नाही, हे लिहिताना माझी मान खाली जाते.

दिवे लागायच्या वेळेला कावळा मेला. गौरीचा आवाज आला, "काका!" मी ओसरीवर गेलो. ती त्याला छातीशी धरून रडत होती, गाल त्याच्या पिसांवर टेकवून. बाप गेला तेव्हा ती अशी रडली नव्हती असं रजनी नंतर म्हणाली, सगळी आवराआवर तिलाच करायची होती तेव्हा.

"गौरी, त्याला खाली ठेव," मी म्हणालो. "आजारी होता तो. बर्ड फ्लू असू शकते. दवाखान्यात फोन करायला पाहिजे."

तिनं मान वर केली. "आजारी? मग तो पिंडाशी कसा आला?"

हाच तो प्रश्न. दुपारपासून मी याच्यापासूनच पळून राहिलो होतो.

"तो आला नाही," मी म्हणालो. "मी ठेवला. चिंचेखाली बसला होता, मान टाकून. मी पंच्यात उचलला आणि खडकावर ठेवला. आजारी आहे हे मला तेव्हाच माहीत होतं."

ती रडायची थांबली. रजनी स्वयंपाकघराच्या दारात पळी घेऊन उभी होती. गौरीनं कावळ्याला सावकाश दुरडीत ठेवलं, ओढणी काढून वर टाकली आणि हात शरीरापासून दूर धरून उभी राहिली. "मी आता काय करू?" तिनं विचारलं, पण माझ्याकडे न पाहता, रजनीकडे पाहून. रजनीनं तिला साबण दिला. मी फोन लावला.

पुढचं सगळं गल्लीनं पाहिलं. पांढरे कपडे, चष्मे, मास्क घातलेले लोक आले. त्यातला एक पोरगा माझ्याच हाताखाली शिकलेला. त्यानं विचारलं, "सर, पक्षी कोणी हाताळला?" मी सांगितलं, पहिले मी. त्यानं ते कागदावर लिहिलं. दुरडी बंद पिशव्यांत घालून गेली, सरकारी दवाखान्यातून गोळ्या आल्या, आमच्या नाकाघशातलं तपासायला घेतलं. रिपोर्ट येईपर्यंत तिघांनी घराबाहेर पडायचं नाही आणि गौरीनं मागच्या खोलीत वेगळं राहायचं. लखीरामच्या तांड्यावर जाऊन लोकांनी कोंबड्या तपासल्या. दूधवाला फाटकाला पिशवी अडकवून पळायला लागला.

तेरवी झाली नाही. आचाऱ्याला मीच फोन करून नको म्हटलं. ज्या पंगतीतल्या बोलण्याला भिऊन मी हे सगळं केलं ती पंगतच बसली नाही. त्या दिवशी बाराच्या सुमाराला लखीराम आला. त्याच्या बायकोनं, सुखीबाईनं, भाकरी-पिठल्याचे दोन डबे दिले होते. एक मोठा डबा त्यानं फाटकाच्या आत सरकवला, दुसरा घेऊन बाहेर रस्त्यावरच बसला आणि उघडला.

"इथं काहून जेवून राहिला?" मी ओसरीवरून विचारलं.

"भाऊसाहेबाच्या तेरवीले कोणी तं जेवलं पाह्यजे," तो म्हणाला आणि भाकरी मोडली. मला त्याला थांब म्हणायची पण लाज वाटली.

गौरी माझ्याशी बोलत नव्हती. सकाळ-संध्याकाळ तिच्या खोलीच्या दारातून रजनी विचारायची, "किती?" आणि आतून आकडा यायचा. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा. मी पुढच्या खोलीत कान देऊन बसायचो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आतून आवाज आला, "शंभरला थोडं कमी," आणि मागून खोकला. त्या रात्री मी जेवलो नाही. देवाला काही मागायला गेलो तर मागायचं तोंड नव्हतं. मी दादाच्या फोटोसमोर बसलो आणि म्हणालो, हिला काही झालं तर मला पण घेऊन जा. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. दवाखान्यातून आलेली बाई म्हणाली, जागरण आणि रडणं, दुसरं काही नाही.

सहाव्या दिवशी रिपोर्ट आला. कावळ्याला बर्ड फ्लू नव्हता. बाकीच्या तिघांना पण नव्हता. कशानं मेले, ते काही त्यात लिहिलं नव्हतं. फवारलेलं काही खाल्लं असेल. रजनीनं देवासमोर साखर ठेवली आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "पाहा, काहीच नव्हतं. तुम्ही बोललाच नसता तर..." आणि थांबली. तिला मी रागावलो नाही, कारण रिपोर्ट ऐकल्याबरोबर माझ्या मनात पण पहिले तेच आलं होतं. गौरी वाचली हे नंतर आलं. याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

मागच्या खोलीचं दार उघडलं. गौरी बाहेर आली, सहा दिवसांत बारीक झालेली, केस विंचरलेले. ओसरीवर येऊन दादाच्या खुर्चीत बसली. मी उठून जायला लागलो तर म्हणाली, "बसा, काका."

मी बसलो.

"गुरुजी दर्भाचा करू म्हणत होते नं?"

"हो."

"मग काहून नाही करू दिला?"

"लोक म्हणाले असते, दादानं मला माफ नाही केलं म्हणून."

तिनं अंगणातल्या झाडांकडे पाहिलं. दहा दिवस पाणी घातलं तिनं, मग सहा दिवस कोणीच नाही. मोगऱ्याची पानं लोंबली होती.

"दर्भाचा चालला असता, काका," ती म्हणाली. "मला पण चालला असता आणि बाबांना पण. त्यांचं काही अडलं नव्हतं तुमच्याशी. दवाखान्यात होते तेव्हा रोज दुपारी मला विचारायचे, गौरी, चारची यवतमाळची गाडी आली का? मी म्हणायची, आली बाबा. मग दाराकडे पाहत बसायचे. पाच वाजले की म्हणायचे, आज नसेल जमलं मधूला, उद्या येईल."

एवढं बोलून ती उठली, बादली घेतली आणि झाडांना पाणी घालायला गेली. मी खुर्चीशेजारी खाली बसून राहिलो. थोड्या वेळानं स्टँडकडून गाडीचा हॉर्न आला. मी घड्याळ पाहिलं, चार वाजले होते.